न दिसणारी अक्षरं आणि पाकिटावरची तारीख

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्याच अरबीत आकडे मात्र डावीकडून उजवीकडे जातात, हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. म्हणजे अरबी वाक्यात नुसतं ‘वजन १२५ ग्रॅम’ लिहिलं तरी एका ओळीत दोन दिशा आल्या, अक्षरं इकडून तिकडे आणि मधला एकशे पंचवीस उलटा. त्यात इंग्रजी ब्रँडचं नाव घाला, कंसात ईमेल टाका, फोन नंबर द्या, की बघायलाच नको.

मी डीटीपी करते. मराठी-इंग्रजी रोजचंच, पण मसाले, लोणची, पापड आखातात पाठवणारे काही क्लायंट आहेत आणि तिकडे माल विकायचा तर लेबलवर अरबी लागतंच, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर कुठे ना कुठे अरबी असतंच असतं. मला अरबी येत नाही, अक्षरं ओळखण्यापुरतं येतं. प्रूफ बघायला एक चाचा आहेत, उर्दू पेपरात हाताने कॉपी लिहायचे, कातिब होते, मग इनपेज, म्हणजे उर्दू जुळणीचं सॉफ्टवेअर, शिकले, आता अरबी-उर्दू दोन्हीचं प्रूफ बघतात. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाला लावून वाचतात. त्यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता म्हणा, बोरू हातात, शब्द आला की डावीकडे सरकायचं, आकडा आला की अंदाजाने जागा सोडून तो उलट बाजूने भरायचा. दिशा हातात होती.

कॉम्प्युटरमध्ये तसं नाही. तिथे अक्षरं साठवली जातात ती आपण वाचतो त्या क्रमाने, पहिलं अक्षर पहिलं, दुसरं दुसरं, भाषा कुठलीही असो. स्क्रीनवर ती कुठल्या बाजूने मांडायची हे नंतर ठरतं, दाखवताना. साठवलेला क्रम वेगळा, दिसणारा क्रम वेगळा. हे एकदा कळलं की पुढचं सगळं यातूनच निघतं, आणि सगळा घोळही यातूनच निघतो.

सुरवातीला लोकांनी हा फरकच ठेवला नव्हता. १९९० च्या दशकातली बरीच हिब्रू वेब पेजेस अशी होती की दिसायला उजवीकडून वाचता यावं म्हणून मजकूर फाइलमध्येच उलटा भरून ठेवायचा, शेवटचं अक्षर आधी. ब्राउझर बिचारा डावीकडून छापत जायचा आणि वाचणाऱ्याला ते बरोबर दिसायचं. दिसायचं खरं, पण खिडकी जरा अरुंद केली आणि ओळ मोडली की वाक्याचा शेवट वरच्या ओळीत आणि सुरवात खालच्या ओळीत. मग प्रत्येक ओळ हाताने तोडून ठेवायची. शोधायचं म्हटलं तर शब्द उलटा टाइप करून शोधायचा. हे किती दिवस चालणार.

मग युनिकोड आलं, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक नंबर देणारी पद्धत. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ला आली आणि त्यात वाचायचाच क्रम साठवायचा असं धरलं. दिशा ठरवायला नियमांचं एक लांबलचक प्रकरण केलं, त्याला बायडायरेक्शनल अल्गोरिदम म्हणतात, लोक नुसतं ‘बायडाय’ म्हणतात. त्यात प्रत्येक अक्षराला स्वभाव दिलेला असतो. क, ख, ए, बी ही पक्की डावीकडून जाणारी. अलिफ, बे ही पक्की उजवीकडून. इंग्रजी आकडे कच्चे, म्हणजे स्वतःची चाल डावीकडूनच पण आजूबाजूला कोण आहे त्यावर त्यांची वागणूक बदलते. आणि स्पेस, कंस, प्रश्नचिन्ह, हे कुणाचेच नाहीत.

हे कुणाचेच नसलेले म्हणजे लग्नाच्या हॉलमधले ते पाहुणे, ज्यांना मुलीकडचे की मुलाकडचे कळत नाही. दोन्ही बाजूला मुलीकडचे बसलेत तर हाही मुलीकडचा धरायचा. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते, तर मग ज्यांनी हॉल घेतलाय त्यांचा. अल्गोरिदम अगदी हेच करतो. दोन इंग्रजी शब्दांमधली स्पेस इंग्रजी, दोन अरबी शब्दांमधली अरबी, आणि सीमेवर अडकलेली खूण परिच्छेदाची जी दिशा असेल तिकडची. शंभरातल्या नव्वद वेळा अंदाज बरोबर येतो, म्हणूनच आपल्याला हे सगळं आत चाललंय याचा पत्ता नसतो.

उरलेल्या वेळी काय होतं त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ‘सी प्लस प्लस’. इंग्रजी सी आणि पुढे दोन अधिकची चिन्हं. हिब्रू वाक्याच्या शेवटी हे लिहा, सी पक्का इंग्रजी, पण अधिकच्या एका बाजूला सी आणि दुसऱ्या बाजूला वाक्य संपलेलं, म्हणजे सीमेवरचा पाहुणा, तो गेला हॉलवाल्याकडे, हॉल हिब्रूचा, आणि दिसतं काय तर दोन अधिक आधी डावीकडे आणि सी त्याच्या उजवीकडे. टाइप बरोबर केलंय, साठवलंय बरोबर, दिसतंय चूक. अशा वेळी त्या दोन अधिकच्या पुढे अजून एक इंग्रजी माणूस बसवायचा, जो कुणाला दिसणार नाही. तोच लेफ्ट-टू-राइट मार्क, एलआरएम. त्याला आकार नाही, रुंदी नाही, छापलं तर शाईचा ठिपका नाही, पण दिशेच्या हिशेबात तो पक्का डावीकडून जाणारा. तो बसला की अधिकच्या दोन्ही बाजूला इंग्रजी झालं आणि चिन्हं गपचूप जागेवर आली. उलट कामाला राइट-टू-लेफ्ट मार्क, आरएलएम.

आता हे नुसतं ‘सेटिंग’ नाही बरं का. खरोखरचं अक्षर आहे, इतर अक्षरांसारखा नंबर असलेलं. एलआरएमचा नंबर युनिकोडच्या सोळाच्या पटीत मोजायच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत २००ई, आरएलएमचा २००एफ. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, साठवलं तर तीन बाइट, ई२, ८०, ८ई. आपला ‘क’ पण तीनच बाइट खातो. काहीच न दिसणारी गोष्ट अख्ख्या ‘क’ एवढी जागा घेऊन बसते याची मला अजून गंमत वाटते. आणि शेजार बघा कोण आहे, २००सी आणि २००डी, म्हणजे झीरो विड्थ नॉन-जॉइनर आणि झीरो विड्थ जॉइनर. हे दोघं मराठीवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे, पाय मोडून ठेवायचा की जोडाक्षर करायचं हे सांगणारे. त्यांच्याबद्दल शेवटी.

तारखेचा किस्सा सांगते, कारण मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला तो तिथे. लोणच्याच्या पाकिटाचं लेबल, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला अरबी, खाली बेस्ट बिफोर. क्लायंटकडून तारीख आली शून्य पाच, डॅश, शून्य आठ, डॅश, सव्वीस. म्हणजे पाच ऑगस्ट २०२६. इंग्रजीकडे ०५-०८-२६ आलं. अरबीकडे तीच तारीख कॉपी-पेस्ट केलेली, एक आकडा हाताने बदललेला नाही, आणि तिथे दिसतंय २६-०८-०५. चाचांनी पेन्सिलने त्याच्याभोवती गोल केला आणि म्हणाले, “बेटा, ये पाच तारीख है के छब्बीस? दुबईचा माणूस उजवीकडून वाचेल तर बरोबर लागेल त्याला, डावीकडून वाचेल तर माल एकवीस वर्षं जुना.”

झालं होतं असं. अरबी अक्षरानंतर इंग्रजी आकडे आले की अल्गोरिदम त्यांना अरबी आकड्यांच्या वर्गात टाकतो. प्रत्येक आकडा आतल्या आत सरळच राहतो, शून्य पाचचा पाच शून्य होत नाही, पण दोन आकड्यांमधला डॅश त्यांना बांधून ठेवत नाही. मग तीन सुटे तुकडे उजवीकडून ओळीने मांडले जातात. गंमत म्हणजे डॅशच्या जागी तिरकी रेघ टाकली तर तारीख अजिबात हलत नाही, कारण तिरकी रेघ आणि टिंब वेगळ्या वर्गात येतात, त्या अरबी आकड्यांनाही जोडून ठेवतात. आणि हीच डॅशवाली तारीख हिब्रू वाक्यात टाकली तर तीही हलत नाही, कारण हिब्रूनंतर आकड्यांचा वर्ग बदलत नाही. एकाच दिशेच्या दोन लिप्या, एकच तारीख, एकीत सरळ आणि एकीत उलटी. हे कोणी तोंडी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

उपाय दोन होते. एक म्हणजे सरळ तिरकी रेघ. दुसरा, तारखेच्या आधी एक एलआरएम. एकच पुरतो, कारण आकड्यांना मागे वळून बघताना आता अरबी अक्षर दिसत नाही, हा न दिसणारा इंग्रजी दिसतो. क्लायंटला डॅशच हवे होते, त्यांच्या बाकीच्या मालावर तसेच असतात म्हणून, तर मी एलआरएम टाकला. फोन नंबरचंही तेच, कंट्री कोडच्या आधीचं अधिक पलीकडे जाऊन बसतं, नंबरचे गट उलट क्रमाने लागतात, त्याच्याही आधी एलआरएम. आता असं आहे की लेबल छापून झाल्यावर त्या एलआरएमचा कुठे मागमूस नाही. बिलात लावायला काही नाही.

मग एकदा रिकाम्या वेळी मी तीच तारीख देवनागरी आकड्यांत लिहून अरबीत टाकून पाहिली, उगाच. ०५-०८-२६. जागची हलली नाही! डॅश असूनही. नंतर कळलं की युनिकोडने आपल्या देवनागरी आकड्यांना आकड्यांच्या कच्च्या वर्गात ठेवलेलंच नाही, त्यांना क-ख सारखं पक्कं डावीकडून जाणारं अक्षर मानलंय. त्यामुळे मधला डॅश दोन पक्क्यांच्या मधे येतो आणि मुकाट त्यांच्याबरोबर राहतो. दुबईला लोणच्यावर देवनागरी तारीख कोण छापणार, ते सोडा, पण मला उगाचच बरं वाटलं.

एक आडवळण घेते. आदिलशाही-निजामशाहीची दुभाषी कागदपत्रं आहेत, एकाच कागदावर फारसी आणि मोडीतली मराठी. एक उजवीकडून, एक डावीकडून. तिथे दिशेचं भांडण नाही कारण दोघांना आपापली जागा होती. आणि त्या काळच्या मराठी पत्रांतली शुहूर सनाची वर्षं बघा, अरबी शब्दांत लिहिलेली, ‘सबा अर्बैन अलफ’, म्हणजे सात, चाळीस, हजार. एककापासून सुरवात. १०४७. लिहिणारा मराठी, अक्षरं डावीकडून, संख्या अरबी पद्धतीने लहानाकडून मोठ्याकडे. मला वाटतं आपल्या लोकांना मिसळ लिहायची सवय जुनीच आहे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, त्यांची हगादा, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, पुण्यात १८७४ ला छापली गेली ती हिब्रू आणि मराठी दोन्हीत. पुण्यात बसून कोणीतरी या दोन दिशा एका पुस्तकात बसवल्या, तेही अंदाज करणारं सॉफ्टवेअर नसताना.

तर परत आपल्या अक्षरांकडे. एलआरएम, आरएलएम ही साधी माणसं. त्यांच्यापलीकडे एक जड कुटुंब आहे, २०२ए पासून २०२ई पर्यंत. यातले दोघं म्हणतात ‘इथून पुढचा मजकूर या दिशेचा समजा’, एक म्हणतो ‘बस, संपलं’, आणि उरलेले दोन ओव्हरराइड आहेत, ते म्हणतात ‘अक्षराचा स्वभाव गेला खड्ड्यात, मी सांगतो त्याच दिशेने छापा’. राइट-टू-लेफ्ट ओव्हरराइड, आरएलओ, टाकून इंग्रजी लिहिलं तर अक्षरन् अक्षर उलटं दिसतं. पोरं ग्रुपवर उलटे मेसेज टाकतात ती करामत बहुतेकदा याचीच.

या कुटुंबात एक खोट निघाली. आतला मजकूर बाहेरच्यावर परिणाम करायचा. समजा हॉटेलांची यादी आहे, नाव, डॅश, किती रिव्ह्यू. इंग्रजी पेज, आणि एका हॉटेलचं नाव हिब्रूत. नाव हिब्रू, पुढचा ३ कच्चा, तो हिब्रूच्या मागे लागून डावीकडे उडी मारतो, आणि दिसतं ‘३ - नाव रिव्ह्यूज’. नावाला आजूबाजूने बांधलं तरी तो बांधलेला गठ्ठा बाहेरच्या जगाशी हिब्रू अक्षरासारखाच वागतो. म्हणून २०१३ ला युनिकोड ६.३ मध्ये आयसोलेट आले, २०६६ ते २०६९. हे आतल्या मजकुराला खोलीत बंद करतात, बाहेरच्यांना तो फक्त एक कुणाचाच नसलेला पाहुणा वाटतो. त्यातला मला आवडणारा म्हणजे फर्स्ट स्ट्राँग आयसोलेट, तो आधी काही ठरवत नाही, आत पहिलं पक्कं अक्षर कुठलं सापडतं ते बघतो आणि त्यावरून दिशा घेतो. ॲपमध्ये जिथे कोणाचंही नाव येऊ शकतं, सुरेखा पण आणि सलमा पण, तिथे तोच हवा. वेब पेजवर ही अक्षरं टाकण्यापेक्षा एचटीएमएलचा ‘बीडीआय’ टॅग लावावा म्हणतात, आणि बरोबरच आहे, टॅग निदान कोडमध्ये डोळ्याला दिसतो. गठ्ठ्यात गठ्ठा किती खोल जाऊ शकतो याचीही मर्यादा आहे, १२५. एकशे पंचवीस पातळ्यांचं वाक्य लिहिणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

दिसणं आणि असणं यात फट राहिली की त्या फटीत कोणीतरी शिरणारच. आरएलओ वापरून फाइलचं नाव फिरवायची युक्ती जुनी आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने टेलिग्रामच्या विंडोज ॲपमधली अशीच एक उघडी केली. नावाच्या मधे आरएलओ, त्यानंतर जी-एन-पी, टिंब, जे-एस. समोरच्याला उलटून दिसणार एस-जे, टिंब, पी-एन-जी. तो म्हणणार फोटो आहे, उघडू. आत चालणारी स्क्रिप्ट.

त्याहून चमकवणारा प्रकार २०२१ चा. केंब्रिज विद्यापीठातल्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाने दाखवून दिलं की हीच अक्षरं प्रोग्रामच्या कोडमध्ये, कॉमेंटच्या (माणसांसाठी लिहिलेली टीप, मशीन ती सोडून देतं) आडून घुसवता येतात. वाचणाऱ्या माणसाला जी ओळ कोडचा भाग वाटते ती कंपायलरच्या, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी कॉमेंट, किंवा उलट. दोघांसमोर एकच फाइल, दोघं वेगळं वाचतायत. कोड तपासणारा कितीही हुशार असो, तो दिसतं ते तपासतो आणि मशीन साठवलंय ते चालवतं. मग कंपायलर इशारे द्यायला लागले, गिटहब, जिथे लोक आपला कोड ठेवतात ती साइट, अशा फाइलवर इशाऱ्याची पट्टी दाखवायला लागलं.

आपल्या साध्या जगात एवढं नाट्य नसतं. आमच्या सोसायटीचे खजिनदार काका एक्सेलमध्ये मेंटेनन्सचा हिशेब ठेवतात, फोन नंबरवरून नाव शोधायचा फॉर्म्युला लावलाय. एक नंबर काही केल्या सापडेना. समोर दिसतोय, दोन्हीकडे तोच, पण फॉर्म्युला म्हणतो नाही. काका चिडून म्हणाले हे एक्सेल हँग झालंय. मी त्या सेलवर ‘लेन’ लावलं, दहा आकडी नंबरची लांबी आली बारा. कोणीतरी फोनच्या कॉन्टॅक्टमधून नंबर कॉपी केलेला, काही फोन नंबरच्या आधी २०२ए आणि नंतर २०२सी चिकटवून देतात, नंबर उलटू नये म्हणून, हेतू चांगलाच. ‘ट्रिम’ने जात नाही, ‘क्लीन’नेही जात नाही, कारण ते दोघं यांना ओळखतच नाहीत. नंबर परत हाताने टाइप करायला लावला. काकांचा अजून विश्वास नाहीये की तिथे काही होतं, त्यांच्या मते मी काहीतरी ‘रिफ्रेश’ केलं. आणि इंग्रजी एसएमएसमध्ये असं एखादं अक्षर चुकून गेलं तर अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जातो, १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते, एकाच्या जागी तीन मेसेजचे पैसे, आणि ज्याने पाठवला तो शोधत बसतो की एवढं काय लिहिलं मी.

हे सगळं ऐकलं की आयटीवाल्यांना एकच सुचतं, न दिसणारी सगळी अक्षरं येतानाच काढून टाका. दोन ओळींचा कोड, २००सी पासून पुढचे सगळे साफ. मला याचा मनापासून राग येतो. दाखवा ना, खूण करा, इशारा द्या, कोडच्या फाइलमध्ये बंदी घाला हवी तर, पण माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून सरसकट काढू नका. अरबीवाल्याची तारीख त्याच्यावर उभी असते. फारसीवाल्याचे अर्धे शब्द २००सी शिवाय चुकीचे जुळतात. आणि आपलं काय होतं ते एका संस्थेच्या कँटीनच्या कॅटरिंग टेंडरमध्ये बघायला मिळालं, मजकूर त्यांच्या पोर्टलवरून ‘साफ’ होऊन माझ्याकडे पीडीएफ करायला आलेला. मराठीत तो आडवा अर्धा र, दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर यातला, दोन तऱ्हांनी साठवतात. एक म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा ऱ, हलन्त, य. दुसरी जुनी तऱ्हा, साधा र, हलन्त, २००डी, मग य. पोर्टलने २००डी काढला की दुसऱ्या तऱ्हेतला र उडून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. त्यामुळे कलम चारमध्ये ‘आचार्यांना डोक्यावर टोपी व हातमोजे सक्तीचे’ असं आलं होतं, कलम सातमध्ये ‘आचार्यांनी नखे कापलेली असावीत’. कलम नऊमध्ये मात्र ‘आचाऱ्यांना’ नीट होतं, ते दुसऱ्या कुणीतरी ऱ ची की दाबून टाइप केलेलं. मी फोन करून विचारलं तर पलीकडचे साहेब म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे बरोबर दिसतंय. तुमचा फाँट चेक करा.”